सरावाचा बर्फ आणि न मागितलेले सल्ले

स्मरणिकेसाठी शिक्षकांनी अलीकडे नव्याने शिकलेल्या एखाद्या गोष्टीविषयी लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले. इतिहासाच्या शिक्षिकेकडून सनावळ्यांची अपेक्षा असते आणि त्याही या लेखात येतील. परंतु मुख्य विषय आहे बर्फावरचे स्केटिंग. गेल्या हिवाळ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी रजा घेऊन मी चार महिने टोरांटोला होते. नातवाला सकाळची झोप लागली की दोन तास माझे असत. त्या दोन तासांत, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, मी पायांत पाती बांधली.

टोरांटो महानगरपालिका हिवाळ्यात उघड्यावरची अनेक रिंक चालविते आणि तेथे स्केटिंगसाठी शुल्क घेत नाही. काँक्रीटच्या तळात नळ्या पुरलेल्या असतात, त्यांतून अतिथंड द्रव फिरतो आणि वर बर्फाचा पातळ थर धरून राहतो. आपल्याला दुरून सगळा बर्फ सारखाच दिसतो. प्रत्यक्षात हॉकीचा बर्फ अधिक थंड आणि कठीण ठेवतात, कारण तेथे वेग हवा असतो; वळणे आणि गिरक्या घेणाऱ्यांसाठी तो दोन-एक अंशांनी उबदार असतो, म्हणजे पात्याची धार त्यात नीट रुतते. उघड्यावर याला हवामानाची भर पडते. उन्हाच्या दुपारी वर पाणी साचते, हिमवर्षावानंतर भुसभुशीत थर बसतो, आणि गर्दीच्या संध्याकाळनंतर ओरखड्यांनी जमीन नांगरल्यासारखी होते.

हे ओरखडे बुजविणारे एक यंत्र आहे. कॅलिफोर्नियातील फ्रँक झांबोनी यांनी ते १९४९ मध्ये सिद्ध केले आणि आजही लोक त्याला झांबोनी याच नावाने ओळखतात. ते बर्फाचा वरचा पापुद्रा तासते, धुते आणि मागे गरम पाण्याचा पातळ थर पसरत जाते. बर्फावर गरम पाणी कशासाठी, असा प्रश्न आपल्या सातवीच्या मुलांनी नक्की विचारला असता. गरम पाणी खालचा बर्फ किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होऊन गोठते. थंड पाण्याचा थर तसा घट्ट बसत नाही. म्हणून नवशिक्यासाठी उत्तम वेळ म्हणजे यंत्र नुकतेच फिरून गेल्यानंतरची. आठवड्यातील कामाचा दिवस, मुले शाळेत असण्याची सकाळ आणि प्रौढांसाठी राखलेला तास, असा तिहेरी योग जुळविण्यासाठी मी तीन रिंकांची वेळापत्रके वहीत उतरवून घेतली होती. आत उतरण्यापूर्वी कठड्याबाहेरून एक फेरी मारून बर्फ नजरेने तपासायचा, प्रवेशद्वाराजवळचा झिजलेला भाग टाळायचा, लोक ज्या दिशेने फिरत आहेत त्याच दिशेने फिरायचे आणि मधला भाग गिरक्यांचा सराव करणाऱ्यांसाठी मोकळा सोडायचा, एवढे नियम पाळले तर पडण्याची भीती निम्मी होते.

बर्फ तपासून निवडता येतो. सल्ले तसे निवडता येत नाहीत. प्रौढ माणूस, त्यातही पन्नाशी ओलांडलेली स्त्री, काही नवे शिकताना दिसली की भोवतालच्या जगाला तिला शिकविण्याची अनिवार इच्छा होते. एक गृहस्थ म्हणत, गुडघे वाका. दुसरे म्हणत, ताठ राहा. एका तरुणाने पुढच्या दातांनी बर्फ ढकलून वेग घ्यायला सांगितले. आठवड्यातून एकदा मला शिकविणाऱ्या प्रशिक्षिकेने नेमके तेच करायचे नाही, पात्याच्या आतल्या धारेने बाजूला रेटायचे, असे बजावले होते. घरगुती मेळाव्यांत तर बर्फ न पाहिलेले लोकही सांगत, "ताई, या वयात हाड मोडले तर जुळत नाही हो!" हेल्मेट, मनगटाचे पट्टे आणि डॉक्टरांचा होकार हे सारे मी आधीच घेतले होते, पण सल्ला देणारा सहसा ते विचारत नाही.

यावर मला आपल्याच परंपरेत मोजपट्टी सापडली. दुसऱ्याला बोलण्यापूर्वी पाच गोष्टी पाहाव्यात, असे तथागतांनी भिक्खूंना सांगितले आहे: बोलणे योग्य वेळी आहे का, सत्य आहे का, मृदू आहे का, हिताचे आहे का, आणि मैत्रीच्या चित्तातून आले आहे का. मी ही कसोटी ऐकणाऱ्याच्या बाजूने वापरू लागले. पाचही बाबतींत उतरणारा सल्ला दुर्मिळ, पण तो मिळालाच. एक वृद्ध चिनी आजी रोज माझ्याबरोबर फिरत. मी बाकावर बसल्यावर, आधी "बोलू का?" असे विचारून, त्यांनी माझ्या नाड्या घोट्यापाशी सैल असल्याचे दाखविले आणि स्वतः वाकून त्या आवळून दिल्या. त्या दिवसापासून माझा पाय बुटात डळमळला नाही. बाकीच्यांसाठी मी एक वाक्य तयार ठेवले: "धन्यवाद, आज मी एवढ्या एकाच गोष्टीचा सराव करते आहे." वाद नाही, स्पष्टीकरण नाही. कालामांना दिलेल्या उपदेशाचा अर्थही हाच, की सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, करून पाहा आणि मग ठरवा. बर्फावर हे 'करून पाहणे' अक्षरशः पायांखाली असते.

एक सल्ला मात्र वेगळ्या जातीचा होता. बाकावर स्केट्स बांधताना एका मराठी गृहस्थांनी आपुलकीने गाव विचारले, मग आडनाव विचारले, आणि आडनाव ऐकल्यावर त्यांचा सूर बदलला. "तुम्हाला आता सगळे मिळालेच आहे, मग हे आणखी कशाला? आपल्याला झेपेल तेवढेच करावे," असे ते म्हणाले. तोवर ते गुडघ्यांविषयी बोलत होते. आता ते माझी जागा कोणती, हे सांगू लागले होते. मी म्हटले, "हा बर्फ सर्वांच्या करातून होतो. तुम्हीही या." आणि आत उतरले. आवाज चढवावा लागला नाही, याचे समाधान वाटले.

त्या दिवशी फिरताना महाड आठवणे स्वाभाविक होते. सार्वजनिक पैशातून बांधलेली वा चालविलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा ही स्थळे सर्वांना खुली असावीत, असा ठराव सी. के. बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात मंजूर करून घेतला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह तळ्यावर चालत जावे लागले, कारण कागदावर खुली झालेली जागा पाऊल पडेपर्यंत खुली होत नाही. पाण्याची तहान आणि म्हातारपणीचा छंद यांची बरोबरी मी करणार नाही. पण सार्वजनिक जागेत निःसंकोच उभे राहण्याची माझी सवय त्या दिवसाची देणगी आहे, हे मला लिहिलेच पाहिजे.

बर्फालाही स्वतःचे महाड आहे. मेबल फेअरबँक्स या कृष्णवर्णीय मुलीला १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये रिंकच्या दारातून परत पाठविले जाई. ती पुन्हा पुन्हा जात राहिली आणि अखेर व्यवस्थापकाने तिला आत घेतले. अधिकृत स्पर्धांची दारे तिला बंदच राहिली. तिने प्रयोगांतून कला दाखविली आणि पुढे कॅलिफोर्नियात शिकविणे हेच आयुष्य केले. टाय बॅबिलोनिया आणि रँडी गार्डनर यांची जोडी तिनेच लहानपणी जुळविली. ती जोडी १९७९ मध्ये जगज्जेती झाली. अमेरिकेच्या स्केटिंग क्षेत्राने १९९७ मध्ये मेबलचा सन्मान केला. ज्या बर्फावर स्वतःला उभे राहू दिले नाही, तो तिने इतरांच्या मुलांसाठी मिळवून दिला. वसतिगृहात शिकून वसतिगृहातच शिकवायला परतलेल्या आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

मार्चमध्ये बर्फ वितळू लागला तेव्हा मला कठड्याचा आधार न घेता सलग फेऱ्या मारता येत होत्या, एका पायावर चार मोजेपर्यंत घसरता येत होते आणि थांबताही येत होते. मागे जाणे अजून जमलेले नाही. यापेक्षा मोठी कमाई म्हणजे शिकणाऱ्याला दोनच गोष्टी लागतात, ही खात्री: सरावायोग्य जागा, आणि चुकत राहण्याएवढी शांतता.

म्हणून या निमित्ताने शाळेला, पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करते. आपले मैदान रविवारी सकाळी एक तास मोठ्यांसाठी राखावे. आमच्या कितीतरी आया सायकल चालवायला शिकल्या नाहीत, कारण त्या वयात त्यांच्या हाती विळा होता. त्यांनी यावे, पडावे, उठावे. शिकविणारे आम्ही असूच. मात्र मैदानाच्या दारावर एकच पाटी असावी: 'विचारल्याशिवाय सल्ला देऊ नये.'

जय भीम. नमो बुद्धाय.