बारा नंबरचा बोल्ट

सेमिस्टरला 'बोल्टेड जॉइंट्स'चा प्रश्न पूर्ण सोडवून आलेला माणूस घरी गेला की स्वतःला मेकॅनिक समजायला लागतो. मीही लागलो.

2023 ची दिवाळीची सुट्टी. आमचं घर रत्नागिरीत, खाऱ्या वाऱ्यात. अंगणात बाबांची 2008 सालची मारुती 800. डिसेंबरात तिला 15 वर्षं पूर्ण होणार होती. म्हणजे आर.टी.ओ.त तपासणी करून रजिस्ट्रेशन पुढच्या 5 वर्षांसाठी वाढवून घ्यायचं. आणि गाडी तर इंजिनापाशी फटफट आवाज करत होती. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट उडालं होतं.

बाबा म्हणाले, "मिस्त्रींना बोलावू." मी म्हटलं, "कशाला? मी आहे ना!"

बाकीचे बोल्ट कुरकुरत का होईना, निघाले. शेवटचा मात्र हलेना. बाबा म्हणाले, "रात्रभर तेल मारून ठेव, सकाळी बघू." पण इंजिनियरला कुठला धीर? बाबा बाजारात गेल्यावर मी बारा नंबरच्या रिंग पान्याला बागेतला दोन फुटी पाइप लावला आणि अंग टाकलं. एकदम हलकं वाटलं. सुटला म्हणून मी खूश झालो, तर बोल्टाचं डोकं पान्यासकट हातात! उरलेला तुकडा हेडमध्ये.

हिशेब नंतर केला. 0.6 मीटरचा पाइप, 20 किलोचा जोर, म्हणजे जवळजवळ 120 न्यूटन-मीटर. 8.8 ग्रेडचा एम-8 बोल्ट घट्ट करायला साधारण 25 पुरतात. परीक्षेत हे गणित मी बरोबर सोडवलं होतं.

हेड अॅल्युमिनियमचं. आटे गेले तर काय, या विचारानं पोटात गोळा आला. बाबा आले तेव्हा तोंडातून निघून गेलं, "बोल्ट आधीच तुटलेला होता. मी नुसता हात लावला." बाबा "बरं" म्हणाले आणि त्यांनी मिस्त्रींना फोन केला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री छोटं वेल्डिंग मशीन घेऊन आले. खाली वाकून त्यांनी तुकड्यावर टॉर्च मारला. तुटलेला भाग चांदीसारखा चकचकीत. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हळूच म्हणाले, "आपल्या हवेत जुनी मोड अशी चमकत नाय हो, इंजिनियर." मटेरियल सायन्सच्या लॅबमध्ये तुटलेल्या तुकड्यांची चित्रं काढली होती मी! कान गरम झाले. बाबा शेजारीच टॉर्च धरून उभे होते, पण काही बोलले नाहीत.

मिस्त्रींनी आधी बॅटरीच्या वायरी काढल्या. तुकडा चारेक मिलिमीटर बाहेर होता. त्यावर एक नट ठेवला आणि नटाच्या भोकातून वेल्डिंग करून दोघांना एकजीव केलं. मला वाटलं आता लगेच फिरवणार. त्यांनी चहा मागितला.

"तापला की बोल्ट फुगायला बघतो, गार झाला की आकसतो. त्यात गंजाची पकड सुटते. आपण नुसतं थांबायचं."

चहा संपल्यावर थोडं तेल सोडलं, नटाला पाना लावला आणि चक्क आवळायच्या दिशेनं किंचित हलवला. मग सोडायच्या. पुन्हा आवळायच्या. पाव फेराही नाही. प्रत्येक वेळी 'कुईं' असा आवाज. "हा ओरडतोय तोवर ठीक. गप्प होऊन मऊ लागायला लागला की समजायचं, पिळला जातोय. तिथं हात थांबवायचा." दहा मिनिटांनी तुकडा नटासकट बाहेर आला. आटे शाबूत! टॅप फिरवून साफ केले, नव्या बोल्टाला ग्रॅफाइटचं ग्रीस लावलं. "पुढच्या वेळी काढणाऱ्याची सोय," म्हणाले.

मिस्त्री गेल्यावर मी बाबांना म्हटलं, "बाबा, तो मीच तोडला. पाइप लावून."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "पाइप वाकडा करून ठेवलायस. आईच्या मोगऱ्याला आता कशानं पाणी घालायचं?"

एवढंच. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

डिसेंबरात गाडी पास झाली. तो नट चिकटलेला तुकडा मी होस्टेलवर आणलाय, टेबलावर असतो. रूममेट विचारतात, हे काय? मी सांगतो, माझी केटी आहे, बाबांच्या विषयातली. सुटली, पण एका झटक्यात नाही.