चर्चगेटचं गेट कुठे आहे?

चर्चगेटला रोज लाखो माणसं उतरतात. त्यातल्या कितीजणांना प्रश्न पडत असेल, की इथे गेट कुठे आहे? आणि चर्च?

मुंबईचा फोर्ट हा एकेकाळी खरोखरच तटबंदीच्या आतला किल्ला होता. त्याचे तीन मुख्य दरवाजे : अपोलो गेट, बझार गेट आणि चर्च गेट. चर्च गेटमधून रस्ता सरळ सेंट थॉमस चर्चकडे जायचा. हे चर्च १७१८ पासून तिथे आहे. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी तट पाडायला घेतले. दरवाजा गेला, त्याच परिसरात फ्लोरा फाउंटन आलं. नाव तेवढं उरलं, ते रेल्वेने उचललं!

अशी मुंबई समजून घ्यायची असेल तर एक नाव माहीत असायलाच हवं : शारदा द्विवेदी (१९४२-२०१२). आर्किटेक्ट राहुल मेहरोत्रा यांच्याबरोबर त्यांनी १९९५ साली 'बॉम्बे : द सिटीज विदिन' लिहिलं. बेटांचं शहर कसं झालं, समुद्र हटवून जमीन कशी केली, कोणती इमारत का उभी राहिली, हे सगळं त्यात आहे. मग फोर्टमधून पायी फिरवणारं 'फोर्ट वॉक्स', बाणगंगेवरचं पुस्तक, 'बॉम्बे डेको'... यादी मोठी आहे. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे हे सगळं इंग्रजीतच वाचलं. पण वाचलेलं मराठीत सांगावंसं वाटलं, म्हणून हा खटाटोप.

आता तुम्ही म्हणाल, इंजिनिअरला याचं काय? सांगते. ओव्हल मैदानाच्या पूर्वेला हायकोर्ट, युनिव्हर्सिटी अशा भव्य गॉथिक इमारती. पश्चिमेला गोलसर बाल्कन्यांची साधी राहती घरं, म्हणजे आर्ट डेको. हायकोर्टाला कोणीही वारसा म्हणेल. पण या बिल्डिंगांना? 'बॉम्बे डेको' २००८ साली आलं. पुढे २०१८ मध्ये युनेस्कोने गॉथिक आणि आर्ट डेको, दोन्ही मिळून जागतिक वारसा जाहीर केला. हे एकट्या पुस्तकामुळे झालं नाही, त्यामागे अनेकांचे कष्ट होते. पण 'हे जपा' म्हणायचं तर 'का?' याचं उत्तर आधी कोणीतरी लिहून ठेवावं लागतं. ते शारदाताईंनी आयुष्यभर केलं. तो दिवस पाहायला मात्र त्या नव्हत्या.

मित्रांनो, उद्या पाडायचं की ठेवायचं, हा प्रश्न आपल्याच टेबलावर येणार आहे. स्ट्रक्चरल ऑडिट भिंतीत किती ताकद उरली ते सांगेल. ती भिंत कोणी, कशासाठी बांधली ते नाही सांगणार. काम झाल्यावर आपण ऍज-बिल्ट ड्रॉइंग काढतो ना, शहराचं ते ड्रॉइंग अशी माणसं काढत असतात.

आपल्यातले कितीतरी जण मुंबईबाहेरचे. प्रत्येकाच्या गावात एखादा जुना पूल, बारव, गिरणी, वाडा असेलच. सुट्टीत घरी जाल तेव्हा फोटो काढा, आजी-आजोबांना विचारा, तारखेसकट वहीत लिहा. पाडणाऱ्याला एक दिवस पुरतो. लिहिणाऱ्याने त्याच्या आधी पोहोचायला हवं!