माझा कान कुठाय?

फ्रीलान्सरला पगारवाढ नसते, पण महागड्या वस्तूंचा ताप मात्र अगदी वेळच्या वेळी येतो. मला मागच्या हिवाळ्यात आला तो एफ/१.२चा. लक्षणं नेहमीचीच. रात्री दोन-दोनपर्यंत रिव्ह्यू वाचणं, ईएमआयचा हिशेब मांडणं आणि सकाळी आरशात बघून, 'आपल्याला याची खरंच गरज आहे' असं स्वतःला गंभीरपणे सांगणं.

ज्यांना हा ताप कधी आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात फंडा. 'फास्ट' लेन्स धावत नाही. तिचं तोंड मोठं उघडतं, एवढंच. एफच्या पुढचा आकडा जितका लहान तितका उजेड आत जास्त. माझ्याकडची ५० एमएम एफ/१.८, तळहातावर मावणारी, गरिबाची मैत्रीण. एफ/१.२ तिच्या सव्वादोन पट उजेड घेते. म्हणजे जिथे १.८ला शटर १/६०वर आणावं लागतं, तिथे १.२ आरामात १/१२५वर चालते. फ्लॅश नाही, कुणी दचकत नाही, माणूस आपल्याच नादात असताना फोटो मिळतो. कँडिड! या आकड्याच्या वेडापायी लोक कुठवर गेलेत बघा. स्टॅन्ले कुब्रिकने १९७५च्या 'बॅरी लिंडन'मधले मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग झाईसच्या एफ/०.७ लेन्सने टिपले. ती लेन्स मुळात नासासाठी बनवलेली होती. निकॉनने २०१९मध्ये ५८ एमएम एफ/०.९५ काढली. वजन दोन किलो, आणि फोकस हातानेच करायचा. दोन किलो! एवढ्यात माझा आठवड्याचा भाजीपाला येतो.

विकत घेण्याआधी भाड्याने घेऊन बघावी, असा शहाणा विचार केला. ५० एमएम एफ/१.२ आणि तिची थोरली बहीण ८५ एमएम एफ/१.२, दोन्ही वीकएंडपुरत्या आणल्या. डिपॉझिटचा आकडा आईला सांगितलेला नाही. आता अंधार हवा होता, आणि मुंबईत खरा अंधार मिळत नाही. कॉलेजची मैत्रीण जव्हारची. ती म्हणाली, "आमच्याकडे ये. होळीनंतर मोखाड्याकडे बोहाड्याची सोंगं रात्रभर नाचतात, ती तुला काढायचीच आहेत ना? त्याची तालीम होईल."

शनिवारी मनोर-विक्रमगडमार्गे पोहोचलो आणि सूर्य कलताना शिरपामाळावर गेलो. १६६४च्या सुरत मोहिमेच्या वाटेवर शिवाजी महाराज इथे थांबले होते. जव्हारच्या विक्रमशहा राजाने त्यांच्या मस्तकी शिरपेच खोवला म्हणून हा शिरपामाळ, असं इथे सांगतात. उघडा माळ, झोंबरा वारा आणि झपाट्याने उतरणारा उजेड. मैत्रीण कॉलेजातल्या कुठल्यातरी फजितीवर हसत होती. मी ८५ लावली आणि चार-पाच पावलं मागे सरून क्लिक केलं. खोटं कशाला बोलू, काळजाचा ठोका चुकला. मागचे डोंगर निळ्या धुरासारखे विरघळलेले आणि त्यातून तिचं हसू वर आलेलं. तीच फ्रेम १.८ने काढली. आयएसओ वाढवावा लागला, मागचं झुडूप उगाच मध्ये मध्ये करत होतं. मनातल्या मनात मी ईएमआयच्या फॉर्मवर सही करून मोकळी झाले.

मग आम्ही तिच्या आजीकडे, पाड्यावर जेवायला गेलो.

घरात शिरलो आणि पाचच मिनिटांत लाईट गेली. मी मनातून खूश! चुलीचा तेवढा उजेड, समोर आजी, हातात फुंकणी. ती वाकून फुंकर मारायची, जाळ भडकायचा, चेहरा क्षणभर तांबूस उजळायचा आणि पुन्हा अंधार. याहून चांगली परीक्षा कुठली? ८५ पहिल्याच फेरीत बाद झाली. पाठ भिंतीला टेकली तरी आजीचं फक्त नाक आणि अर्धा गाल. शिवाय तिची काच इतकी जड की फोकस सावकाश सरकतो, तोवर आजी पोळी उलटून मोकळी. मग ५०ची १.२. मी कोपऱ्यात बसून, आजीच्या नकळत, चाळीसेक फोटो काढले.

जेवण झाल्यावर कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तिला दाखवले. वाटलं, आजी खूश होणार. तिने डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं.

"माझा कान कुठाय?"

कान होता हो, पण धुरकट. मीटरभर अंतरावरून ५० एमएमला एफ/१.२वर धारदार पट्टी मिळते जेमतेम तीन सेंटिमीटरची. (८५ला एकच!) डोळा धरला की कान गेला, कानातलं गेलं. फुंकणीसाठी ती थोडी पुढे झाली की डोळासुद्धा गेला. चाळीसपैकी धड चार फोटो, आणि त्यात कपाळावरचं गोंदण एकातही पुरतं नाही. मी सांगायला लागले की याला बोके म्हणतात, हीच तर गंमत आहे. मैत्रिणीने मला डोळ्यांनीच गप्प केलं.

"आणि पोरी, असा चोरून काय काढते? सांगून काढ."

मग कळलं. आजोबा गेले तेव्हा भिंतीवर लावायला घरात एकही फोटो नव्हता. रेशनकार्डावरचा नखाएवढा होता, तो मोठा करून आणला तर माणूस ओळखू येईना. आजीला स्वतःचा फोटो हवा होता. कपाळ, कान, गळ्यातलं, सगळं असलेला. मी दुपारपासून कँडिड कँडिड करत होते आणि समोरच्या बाईला नेमकं उलटं हवं होतं. मला तेव्हा जरा लाजच वाटली.

आजी आत जाऊन ठेवणीतलं लुगडं नेसून आली. मी माझी गरीब १.८ लावली, तीही एफ/२.८वर बंद केली. आयएसओ ६४००, शटर १/६०. महागड्या लेन्सने कमावलेला सगळा उजेड परत करून टाकला म्हणा ना. मैत्रिणीने चुलीत दोन लाकडं सरकवली. आजी पोलीस चौकीत बसल्यासारखी ताठ! पहिले दहा फोटो तसेच गेले. मग नात काहीतरी पुटपुटली, आजीने मान न वळवता तिला एक शिवी हासडली आणि स्वतःच हसली. तो मिळाला. डोळे, गोंदण, दोन्ही कान. काळ्या भागात दाणे दिसतात, पण आठ बाय दहाच्या प्रिंटमध्ये ते शोधावे लागतात.

सोमवारी लेन्सा परत केल्या. ईएमआयचा फॉर्म अजून ब्राऊझरच्या एका टॅबमध्ये उघडा आहे. शिरपामाळावरचा तो ८५चा फोटो बघितला की हात शिवशिवतात, नाही असं नाही. बोहाड्याला ती पुन्हा भाड्याने नेईन बहुतेक. तिथे लांबून काढायचं असतं आणि मागे सरायला जागाही असेल.

आजीचा फोटो फ्रेम करून पाठवला. कॅलेंडरशेजारी लागलाय. तक्रार एकच आली. एवढं ठेवणीतलं लुगडं नेसले, तर मांडीवर ती फुंकणी कशाला राहू दिली? आणि शेजारच्या दोघी म्हाताऱ्यांनी निरोप धाडलाय. त्यांनाही हवेत, कानासकट.