आधी शिधा, मग कागद

गेली वीस-बावीस वर्षे कारकुनी सांभाळून आम्ही वसई-विरारच्या वस्त्यांतून थोडेफार सामाजिक काम करीत आलो आहोत. पूर असो, आग असो, या काळात एक प्रश्न आम्हाला जितक्या वेळा विचारला गेला तितका दुसरा कोणताही नाही. ‘तुमची मदत खऱ्या गरजवंतालाच पोचली कशावरून?’ प्रश्न गैर नाही. हातावर पोट असताना वर्गणी देणाऱ्याला तो विचारण्याचा हक्कच आहे. पण हा प्रश्न विचारता विचारता माणूस हळूच दुसऱ्या प्रश्नावर जातो. ‘तो माणूस आपला आहे का?’ आणि तिथे आमचे खटके उडतात.

2020 च्या मार्चमधली गोष्ट. टाळेबंदी लागली, लोकल बंद झाली. वालीव-पेल्हारच्या गाळ्यांत रोजंदारीवर काम करणारा, नाका कामगार, घरकाम करणाऱ्या बाया, भंगार वेचणारे, सगळे एका रात्रीत घरी बसले. एप्रिलपासून रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळू लागले खरे, पण ज्यांचे रेशनकार्ड गावाला त्यांनी काय करायचे? विनाकार्डवाल्यांसाठी सरकारची योजना आली ती मे महिन्यात. मधले दिवस पोटाला कोण समजावणार?

आमच्या विहारात पाच-सहा कार्यकर्ते तोंडाला रुमाल बांधून, अंतर ठेवून बसलो. महिला मंडळाच्या बचतीतले पैसे, कुणाचा अर्धा पगार, असे जमवून साठ पिशव्या तयार झाल्या. पाच किलो तांदूळ, पाच किलो पीठ, तूरडाळ, तेल, मीठ-मिरची, साखर, चहापत्ती, साबण. यादीत मात्र एकशे दहा घरे होती. बी.कॉम. झालेल्या माणसाला साठातून एकशे दहा वजा होत नाहीत हे कळते.

यादीच्या शेवटी नालासोपारा पूर्वेला एका भंगाराच्या गोदामामागे असलेल्या पत्र्याच्या खोल्या होत्या. चौदा घरे, बहुतेक बंगाली बोलणारी. आमचे एक जिवाभावाचे सहकारी म्हणाले, ‘ही चौदा घरे काटा. ते बांगलादेशी असतील. उद्या पोलीस विचारतील, तुम्ही कुणाला पोसत होता?’ दुसरे म्हणाले, ‘निदान आधार कार्ड बघून द्या.’ यात दुष्टपणा नव्हता. सहकाऱ्यांच्या स्वतःच्या चाळीत तीन घरांत एक वेळची चूल पेटत होती. नालासोपाऱ्यात कागदपत्रांच्या तपासण्या होत असतात, त्यामुळे भीतीही खोटी नव्हती.

कोपऱ्यात आबा बसले होते. गिरणीतून निवृत्त झालेले, मूळ रत्नागिरीकडचे, वयामुळे घराबाहेर पडू नका असे आम्हीच त्यांना बजावले होते, तरी आलेले. ते म्हणाले, ‘एकाहत्तर साली पाकिटावर पाच पैशाचं जास्तीचं तिकीट लावत होतो. कुनाला चाललेत पैशे, आमी कधी इचारलं नाय.’

आमच्यातल्या तरुणांना हे ठाऊकच नव्हते, म्हणून इथे थोडे सांगितले पाहिजे. 25 मार्च 1971 च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली आणि पूर्व बंगालमधून माणसांचे लोंढे भारतात येऊ लागले. डिसेंबरात लढाई होऊन ती 16 तारखेला संपेपर्यंत त्यांची संख्या सुमारे एक कोटीवर गेली होती. पश्चिम बंगाल, त्रिपुरा, मेघालय, आसाम इथे छावण्या पडल्या. कलकत्त्याजवळ सॉल्ट लेकला तर कुटुंबेच्या कुटुंबे सिमेंटच्या मोठ्या नळांत राहिली. एवढ्या माणसांना जेवू कोण घालणार? परदेशातून मदत आली, पण ती पुरती नव्हती. म्हणून 15 नोव्हेंबर 1971 पासून टपालावर पाच पैशांचा निर्वासित मदत कर बसला. तो 31 मार्च 1973 पर्यंत चालला. सुरुवातीला वेगळी तिकिटे छापायलाही सवड नव्हती, तेव्हा कुटुंब नियोजनाच्या तिकिटांवरच ‘रिफ्युजी रिलीफ’ असे छापून ती वापरली. रेल्वेच्या भाड्यावरही कर होता. म्हणजे गिरणगावातून गावाला ख्यालीखुशालीचे पाकीट धाडणारा आमचा माणूससुद्धा बोंगावच्या छावणीतल्या एका अनोळखी पोराच्या पेजेला हातभार लावीत होता. लढाई संपल्यावर 1972 च्या पहिल्या काही महिन्यांत बहुतेक निर्वासित परत गेले. जाताना वाटेचे खाणे आणि दोन आठवड्यांचा शिधा त्यांना बांधून दिला होता.

बोंगावचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. तिथे छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्याला 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण करून ते पिंपांत भरून ठेवले. नळ उघडायचा, पेला भरायचा, रोग्याला पाजायचे. आणि पाजणार कोण? रोग्याची आई, बहीण, नवरा! तीस टक्क्यांच्या घरातले मृत्यूचे प्रमाण चारच्याही खाली आले. 2023 साली डॉक्टरांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. आज आपल्या आशाताई घरोघर जी ओआरएसची पुडी देतात तिचा खरा कस त्या निर्वासितांच्या छावणीत लागला. मदत वाटणारा एकीकडे आणि घेणारा दुसरीकडे, ही जी रेघ आपण मारतो ती तिथे राहिली नव्हती.

असो. त्या बैठकीत आमचेही रक्त उसळले आणि आम्ही बाबासाहेबांचा दाखला दिला. 1946 साली मुंबई प्रांतातून घटना समितीत जाण्याची वाट बंद झाली तेव्हा बाबासाहेबांना निवडून पाठविले ते बंगालने. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या नमःशूद्र बांधवांनी त्यासाठी जिवाचे रान केले. फाळणीत जेसोर-खुलन्याचा बहुतेक मुलूख पाकिस्तानात गेला. त्यातले लाखो नमःशूद्र पुढे लाटेमागून लाट असे भारतात आले, रायपूरजवळच्या माना छावणीत राहिले, दंडकारण्यात वसविले गेले. आपल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी, मुलचेरा भागांत त्यांची गावे आहेत. आम्ही म्हणालो, ‘ज्यांनी बाबासाहेबांना मते दिली त्यांच्या लेकरांना आपण आधार कार्ड विचारायचे?’

सगळे गप्प झाले. आबा तेवढे बोलले, ‘आन् नसती दिली मतं, तर?’

याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. पिशव्या सोडल्या, पुन्हा मापे काढली, आणि साठाच्या एकशे दहा केल्या. तांदूळ पावणेतीन किलो, पीठ तेवढेच. ज्यांना पाच किलो मिळणार होते त्यांना ते निम्म्यावर आले हे खरे आहे, आणि त्यांच्यापैकी काहींनी आम्हाला तोंडावर सुनावले. एका घरातली ताई म्हणाली, ‘आमची वर्गणी घेताना पूर्ण घेतली की हो.’ तिचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही.

गोदामामागच्या खोल्यांत आम्ही दोघे स्कूटरवरून गेलो. पहिल्याच दारात एक बाई उभी. आम्ही हिंदीत जुळवाजुळव करू लागलो, तर ती स्वच्छ मराठीत म्हणाली, ‘भाऊ, आम्ही चामोर्शीकडचे. माझी शाळा मराठीच होती.’ तिचे सासरे लहानपणी माना छावणीत वाढलेले. सोबतचे सहकारी खाली बघू लागले. पण ती बाई आपल्याच राज्यातली निघाली म्हणून आम्ही बरोबर ठरलो, असे आम्हाला वाटत नाही. शेजारच्या खोल्यांत मालदा, मुर्शिदाबादची माणसे होती, आणि एका खोलीतल्या म्हाताऱ्याजवळ कसलाच कागद नव्हता. त्यालाही पिशवी दिली. त्याने पीठ परत केले, ‘रोटी बनवणारं कुणी नाही’ असे खुणेने सांगितले आणि तेवढ्याला तांदूळ मिळतील का ते विचारले. मदत देताना घेणाऱ्याला काय खाता हे विचारायचे असते, ही साधी गोष्ट बड्या बड्या संस्थांच्या छापील पिशव्यांतही नसते. फोटो मात्र असतो!

पुढच्या खेपेला चामोर्शीची ती ताई आणि तिच्या दोन शेजारणी विहारात डाळ मापायला आल्या. दोन वर्गणीदार मात्र तुटले ते तुटलेच.

आम्ही यादीचा तक्ता बदलला. आधार क्रमांकाचा रकाना काढला. आता रकाने असे आहेत: घरात माणसे किती, लहान मूल किंवा आजारी कुणी आहे का, कमाई कधीपासून बंद, तांदूळ की पीठ. एकच घर दोनदा येऊ नये म्हणून खोली क्रमांक लिहितो, हिशेब विहाराच्या फळ्यावर लावतो. ज्याला शंका असेल त्याने तो वाचावा. चौदा घरे काटा म्हणणारे आमचे सहकारी अजून दर खेपेला वाद घालतात. पिशव्यांच्या गाठी मात्र तेच मारतात, आणि त्यांची गाठ कधी सुटत नाही.