अदृश्य चेंडू

चालावयास शिकणाऱ्या बाळाच्या हाती आई पांगुळगाडा देते. तो ढकलीत ढकलीत बाळ ओसरी ओलांडते. पुढे एक दिवस असा उगवतो, की पांगुळगाडा कोपऱ्यात पडून राहतो आणि बाळ अंगणात धावत सुटते. गाडा टाकून दिला गेला, म्हणजेच त्याचे काम पुरे झाले. विद्येच्या प्रत्येक प्रांतात असे पांगुळगाडे असतात. ‘पूल’ नावाच्या खेळातही ते आहेत.

हा पूल म्हणजे नदीवरचा पूल नव्हे. बिलियर्ड्स आणि स्नूकर यांच्या कुळातील हा एक खेळ आहे. बनातीने मढविलेले मेज, त्याच्या कडांना सहा खिसे, क्रमांक घातलेले रंगीत चेंडू आणि एक पांढरा चेंडू, एवढे त्याचे साहित्य. काठीचा आघात करावयाचा तो फक्त पांढऱ्या चेंडूवर, आणि त्याच्या धक्क्याने रंगीत चेंडू खिशात पाठवावयाचा. स्ट्रायकरने सोंगटी घेणाऱ्या मुलांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. या कुळाशी भारताचे नातेही जुने आहे. स्नूकरचा जन्म १८७५ साली जबलपूर येथील ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांत झाला असे मानतात. आणि पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यास हौशी बिलियर्ड्सचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पुन्हा जिंकले.

एखादा बारा वर्षांचा मुलगा प्रथमच या मेजापाशी उभा राहतो. रंगीत चेंडूला कोणत्या बिंदूवर धक्का दिला असता तो खिशात जाईल, हे तो अचूक हेरतो. मग पांढरा चेंडू नेमका त्याच बिंदूच्या रोखाने सोडतो. समोरासमोरचा फटका साधतो; पण फटका तिरपा असला, की चेंडू खिशाच्या बाजूला आदळून परत येतो. मुलाला वाटते, हात हलला. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तीच फजिती! वस्तुतः दोष हाताचा नसून विचाराचा असतो.

पांढरा चेंडू म्हणजे सुईचे टोक नव्हे. त्याचा व्यास सुमारे ५७ मिलिमीटर असतो. त्याचे केंद्र त्या बिंदूच्या रोखाने निघाले, तरी तेथे पोहोचण्यापूर्वीच त्याची बाजू रंगीत चेंडूला दुसऱ्याच ठिकाणी भिडते. म्हणून जाणता खेळाडू वेगळी युक्ती योजतो. खिशापासून रंगीत चेंडूच्या केंद्रातून जाणारी रेषा तो मनातल्या मनात मागे वाढवितो. त्या रेषेवर, रंगीत चेंडूला टेकून, एक चेंडू ठेवलेला आहे अशी तो कल्पना करतो, आणि पांढरा चेंडू त्या कल्पित चेंडूच्या जागी नेऊन पोहोचवितो. मेजावर नसलेल्या या चेंडूला इंग्रज खेळाडू ‘भुताचा चेंडू’ म्हणतात.

परंतु जे नाही ते नवशिक्याला दिसावे कसे? त्यासाठीच साधने आहेत. शिक्षक प्रथम त्या जागी खराखुरा चेंडू ठेवून दाखवितात व मग तो उचलून घेतात. कोणी पातळ कागदाची पट्टी वापरतात. तिच्यावर एक बाण असतो आणि कल्पित चेंडूच्या केंद्राची खूण असते. बाण खिशाकडे वळविला, की खूण आपोआप योग्य जागी येते. फाईलमधील कागदांच्या छिद्रांभोवती चिकटवितात तशी लहान कागदी कडी बनातीवर लावली, म्हणजे दोन्ही चेंडू पुनःपुन्हा त्याच जागी मांडता येतात, आणि एकच फटका पन्नास वेळा गिरविता येतो. नेम बरोबर असूनही काठी वाकडी जात असेल, तर रिकामी बाटली आडवी ठेवून तिच्या तोंडातून काठी आतबाहेर करण्याचा सराव देतात. काठी काचेला लागली, की आवाजच चूक सांगतो.

पट्टी मांडली, की मुलाचे चेंडू भराभर खिशात जाऊ लागतात. त्याला आनंद होतो. येथेच खरा धोका असतो! पट्टी काढताच तो पुन्हा चुकतो, कारण त्याचे डोळे चेंडूकडे नव्हे, तर खुणेकडे पाहण्यास सरावलेले असतात. शिवाय पट्टी सर्वच सत्य सांगत नाही. चेंडू एकमेकांस भिडताना घर्षण होते आणि त्यामुळे रंगीत चेंडू आखलेल्या रेषेपासून किंचित ढळतो. हे ढळणे किती, ते कागद सांगत नाही. ते अनुभवानेच कळते.

म्हणून चांगला शिक्षक साधन देतो, तसे ते काढूनही घेतो. आरंभी पट्टी फटक्याच्या वेळी मेजावर असते. नंतर ती पाहून झाल्यावर उचलली जाते. शेवटी मुलाने स्वतः जागा ठरवावयाची, बोटाने दाखवावयाची, आणि मग पट्टी ठेवून पडताळावयाचे, असा क्रम येतो. आता पट्टी वाट दाखवीत नाही, केवळ परीक्षा घेते. या दिवसांत चेंडू पूर्वीपेक्षा कमीच जातात. मुलगा खट्टू होतो. पट्टी पुन्हा मांडण्याचा मोह त्याला पदोपदी होतो. तो मोह आवरणे हाच त्याच्या अभ्यासातील अवघड धडा असतो. कित्ता गिरविणाऱ्याला कोऱ्या कागदावर पहिले अक्षर काढताना आणि पाठीवरचा भोपळा सोडून विहिरीत उतरणाऱ्याला पहिला हात मारताना हीच धाकधूक वाटते.

मग एके दिवशी तो मुलगा मेजावर वाकतो. पट्टी त्याच्या खिशातच असते. तिच्याकडे त्याचा हात जात नाही. रंगीत चेंडूमागे बनात अगदी मोकळी असते. तरी तेथे चेंडू कोठे हवा, हे त्याला स्पष्ट दिसते. काठी सरळ पुढे जाते. चेंडू खिशात पडेल, कदाचित पडणारही नाही; पण चुकला, तरी तो का चुकला, हे आता त्याचे त्यालाच कळणार असते.