पितळेचा टाका

जुनी गाडी बघायला जाताना मी तीन वस्तू बरोबर नेतो. फुटक्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक, टॉर्च आणि एक रिकामं पोतं. चुंबक पत्र्यावरून फिरवायचं. जिथं ते धरत नाही तिथं पत्रा उरलेला नाही, रंगाखाली नुसती पुट्टी आहे. पोतं अंगाखाली घालायला. मालक चहा सांगायला आत गेला की मी पोतं टाकून गाडीखाली शिरतो. बाहेर येतो तेव्हा चहा आलेला असतो आणि भाव अर्ध्यावर आलेला असतो, निदान माझ्या मनात तरी.

हे शिक्षण मला कुठल्या गॅरेजात मिळालेलं नाही. निरवांगीत लहानपणी आजोबांबरोबर बैलांच्या बाजाराला जायचो, तिथं मिळालं. आबा आधी बैलाकडे बघायचेच नाहीत. त्याची शिंगं बघायचे. शिंगं नुकती साळून तेल लावून चकचकीत केलेली असली की म्हणायचे, "ह्येचं वय झाकलंय गड्यानं." मग दात. फियाटचे दात म्हणजे तिचे सिल, दाराखालून जाणारी ती लांब पेटी. जॅक लावायची जागा, बॅटरीखालचा पत्रा आणि डिकीचा तळ हे बाकीचे दात. आणि खालून नुकताच काळा कोट मारलेला दिसला, तर शिंगं साळलीत असं समजायचं.

आणखी एक गोष्ट आमच्या भागापुरती सांगतो. नीरेकाठच्या दमट हवेत गाडी गंजते ते सगळ्यांना दिसतं, पण गाडीची खरी वाट लागते गोठ्यात. जनावरांच्या मुताचा वास आणि ओल रात्रंदिवस लागून ब्रेकचे पाइप आणि तळाचा पत्रा खालून असा खाल्ला जातो की वरून लाल रंग तसाच चमकत असतो. गाडी उघड्या अंगणात लिंबाखाली उभी असेल तर मी बोलणी करतो. गोठ्यात असेल तर चहा पिऊन निघतो.

सध्या माझ्याकडे आहे ती 1984ची प्रीमियर पद्मिनी. गावात तिला पद्मिनी कोणी म्हणत नाही. डिलाइट असो, प्रेसिडेंट असो, पद्मिनी असो, सगळ्या फियाटच. त्याआधीची, गोल पाठीची, ती डुक्कर फियाट. पूर्वी आमच्याकडे गाडीवरून माणूस कळायचा. जीप म्हणजे बागायतदार नाहीतर पुढारी, अँबॅसॅडर म्हणजे साहेब, आणि फियाट म्हणजे डॉक्टर. ही गाडीही डॉक्टरचीच. नीरा ओलांडून माळशिरस तालुक्यात गेलं की एका वस्तीवर पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. डॉक्टर जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांच्या आईने दार उघडून दिलं. मागच्या सीटवर खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली.

"तिला उठवू नगंस बाबा," आजी म्हणाल्या. "पिल्लं निघू दे, मग ने गाडी."

कोंबडीचे एकवीस दिवस असतात, त्यातले आठ झाले होते. व्यवहार ठरला, पैसे दिले, आणि पुढचे तेरा दिवस माझी गाडी कोंबडीकडे राहिली. नेताना आजींनी डिकीत नारळ ठेवला आणि बॉनेटवरून हात फिरवला. सीटच्या स्प्रिंगमध्ये पिसं मला अजून सापडतात.

गाडी टो करून आणताना वालचंदनगरच्या अलीकडे चहाला थांबलो, तर कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ गाडीभोवती फिरून म्हणाले, "आपल्या शेटची गाडी ही." त्यात खोटं काही नव्हतं. 1882 साली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी विशाखापट्टणमला जहाजांचा कारखाना काढला, बंगळुरूला विमानांचा, आणि 1944 साली मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिचा कारखाना कुर्ल्यात झाला. त्यांच्या नावाचं गाव मात्र आमच्या शेजारी, निमसाखरच्या पलीकडे. आधी साखर, मग साखर कारखान्यांची यंत्रं, पुढे इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटरची आवरणं, असं सगळं त्या गावात घडत आलंय. वालचंद 1953 साली गेले. पद्मिनी त्यांनी पाहिली नाही.

या शेजाराचा मला झालेला फायदा भावनेचा नाही, लेथचा आहे. वालचंदनगर भोवतीच्या गावांत असे टर्नर आणि फिटर भेटतात, की त्यांच्या हातात मोडका तुकडा ठेवला तर ते आधी मायक्रोमीटर मागतात आणि मग बोलतात. तसे एक तात्या जंक्शन नावाच्या गावात घरामागे लेथ घेऊन बसलेले असतात.

फियाटचा गिअर स्टिअरिंगखाली असतो, हँडल गिअर. त्याच्या दांड्यांचे सांधे झिजले की पहिला टाकायला जावं तर दांडी मधेच अडकते आणि भर चौकात बॉनेट उघडून हाताने सोडवावी लागते. मी तात्यांकडे झिजलेले बुश घेऊन गेलो आणि म्हणालो, पितळेचे करून द्या, परत बघायला नको. त्यांनी बुश बाजूला ठेवला आणि दांडी मागितली. तिच्यावरून नख फिरवलं.

"पितळ घातलं की दांडी झिजणार. दांडी कुठून आणशील?"

"मग?"

"नायलॉन घालू. घासायचं तर बुशानं घासावं. चार वर्षांनी ये, दुसरे करून देतो."

जुन्या गाडीबद्दल इतकं नेमकं मला दुसऱ्या कोणी सांगितलेलं नाही. मजबूत पार्ट घालणं म्हणजे दुरुस्ती, असं मी तोवर धरून चाललो होतो. जोडीतला एक झिजणारच असेल तर तो स्वस्त आणि हाताशी मिळणारा असावा, हे ठरवणं म्हणजे दुरुस्ती. फियाट बनवणाऱ्यांना ते माहीत होतं. तिला बिघडवत आलो ते आम्ही, हौशी.

माझी पहिली फियाट मी अशीच बिघडवली होती. तेव्हा मला गाडी कारखान्यातून आली तशी करायची होती. रंग पत्र्यापर्यंत खरवडला, नट-बोल्ट सगळे नवे, ज्या पार्टवर दुसऱ्या कोणाचा हात दिसला तो भंगारात. इंजिन उतरवून बोअर करायला दिलं. 68 मिलिमीटरचा बोअर, 75चा स्ट्रोक, चार सिलेंडर मिळून 1089 सीसी. हे आकडे मला आजही मुलांच्या वाढदिवसांआधी आठवतात. ज्या वर्कशॉपने बोअर केला त्याने पिस्टनला पुरेशी फट ठेवली नाही, आणि मीही ती मोजून न घेता इंजिन बांधलं. मोजायला पाच मिनिटं लागली असती. भिगवणच्या रस्त्याला उन्हाळ्यात ते जाम झालं. परत बांधलं, चाललं, गाडी दिसायलाही देखणी झाली. पुण्यातल्या एका हौशी माणसाने चांगली किंमत देऊन नेली. पण ती चालवताना मला सारखं वाटायचं की ही कोणाचीच गाडी नाही.

डॉक्टरांची गाडी उघडली तेव्हा म्हणून मी हात आवरता घेतला. जुनी गाडी उघडली की आधीचे मिस्त्री भेटतात. पायाखालचं रबर उचललं तर तळाच्या भोकावर गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा रिव्हेट मारून बसवलेला. त्यावरचं शेंगांचं चित्र अजून ओळखू येत होतं. रेडिएटरच्या नळीला क्लिपऐवजी बाइंडिंग तार, आणि पंपाखालचं पॅकिंग कुणीतरी कॅलेंडरच्या पुठ्ठ्यातून कातरलेलं. हे तिन्ही मी काढले. डब्याचा पत्रा पाणी धरून ठेवत होता आणि त्याच्याखाली भोक तिप्पट झालं होतं. जुनं म्हणून सगळंच जपायचं असतं, असं मानणारा मी नाही. वाईट काम जुनं झालं तरी वाईटच.

मॅनिफोल्ड मात्र निराळा निघाला. धूर बाहेर नेणारा हा बिडाचा भाग तापून-निवून तडकतो, आणि बिडाला वेल्डिंग करायला गेलं तर शेजारी दुसरी तड जाते. कोणीतरी ही तड टोकापर्यंत तासून, टोकाला बारीक भोक पाडून ती पुढे सरकू नये अशी थांबवून, वर पितळेचा टाका भरला होता. टाक्याच्या लाटा सारख्या अंतराच्या होत्या. घाई नव्हती त्या हाताला. हे काम अकलूजचं का नातेपुत्यांचं, डॉक्टरांनी त्याला किती पैसे दिले, काही कळायला मार्ग नाही. माझ्याकडे दुसऱ्या एका फियाटचा अखंड मॅनिफोल्ड पडून होता. तो मी लावला नाही.

मला विचारणारे विचारतात, मग कसं ठरवायचं काय ठेवायचं? मी एवढंच बघतो की ज्याने ते केलं त्याला बिघाडाचं कारण कळलं होतं का. डबेवाल्याने भोक झाकलं. पितळवाल्याने तड थांबवली.

आता पेट्रोलचं. उन्हाळ्यात फियाटचा पंप तापतो, पेट्रोलची आतच वाफ होते आणि गाडी गप्प बसते. यावर ओलं फडकं हा जुना इलाज. पंपावर गुंडाळायचं, दहा मिनिटं लिंबाखाली बसायचं. त्याची मला सवय होती. पण दोनेक वर्षांत पंपाचं रबरी डायफ्रॅम फुगायला लागलं, आणि पेट्रोलची नळी बोटाने दाबली तर मऊ गुळासारखी. एकदा गरम मॅनिफोल्डच्या वीतभर वर नळीतून थेंब गळताना दिसला, तेव्हा अंगावर काटा आला. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. 1984च्या रबराला ते कधी माहीतच नव्हतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, टाकीतला वर्षानुवर्षांचा गंज सोडवतं, आणि तो कचरा थेट कार्बोरेटरच्या जेटमध्ये येऊन बसतो.

आणि आमच्याकडे इथेनॉल येतं कुठून, तर उसातून. माझाही दोन एकर ऊस आहे. म्हणजे माझ्याच शेतातलं माझ्याच गाडीचा पंप खातंय, आणि तक्रार करावी तर कारखान्याच्या बिलाची वाट बघणाराही मीच. गावात हे सांगितलं की लोक पोट धरून हसतात. इलाज मात्र अवघड नाही. इथेनॉल सोसणारी नळी आणि डायफ्रॅम बसवायचं, टाकीनंतर एक पारदर्शक फिल्टर टाकायचा, मेन जेट किंचित मोठा करायचा, कारण इथेनॉलला हवेच्या मानाने जास्त इंधन लागतं. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवायचं नाही.

पार्टची गोष्ट दिवसेंदिवस कठीण होत चालली आहे. मुंबईत काळ्या-पिवळ्या फियाट टॅक्स्या होत्या तोवर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एक चक्कर मारली की काम व्हायचं. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदवली होती, टॅक्सीची मुदत वीस वर्षांची. म्हणजे 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईत एकही उरली नाही. त्या दिवशी सगळे हळहळले, फोटो काढले. मी त्याच आठवड्यात मुंबईला जाऊन दोन वॉटर पंप, एक डिस्ट्रिब्युटर आणि क्लचप्लेट घेऊन आलो.

कागदांचंही सांगून ठेवतो, कारण गाडी घेताना लोक इंजिनचा आवाज ऐकतात आणि आरसी बुक बघत नाहीत. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी दाखवून पुन्हा नोंदणी करावी लागते. 2019 साली त्याची फी 600 रुपये होती, 2022 च्या एप्रिलपासून 5,000 झाली आणि आता वीस वर्षांवरच्या गाडीला 10,000. पर्यावरण कर वेगळा. पन्नास वर्षं पूर्ण झाली की व्हिंटेज म्हणून व्हीए अक्षरांची पाटी घेता येते. 2021 सालापासून तशी सोय आहे, नवी नोंदणी 20,000 रुपयांत, दहा वर्षांसाठी. माझी गाडी 2034 साली त्यात बसेल. पण त्या पाटीची गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही, प्रदर्शनाला नि रॅलीला न्यायची. मी घेणार नाही. परवाच तिच्यातून बारामतीला डाळिंबाची चार क्रेट नेली. ती चालतेय तोवर तिला चादर पांघरून बसवायचा माझा विचार नाही.

मागचं डावं दार दुसऱ्या गाडीचं आहे. टवका उडाला तिथं आतून निळा रंग दिसतो, बाकी गाडी पांढरी. रंगाऱ्याने दोनदा विचारलं, मिळवून घेऊ का. नको म्हणालो.

तुमच्या कुणाच्या शेडमध्ये, लिंबाखाली किंवा अगदी गोठ्यात फियाट उभी असेल तर एवढं करा. बॅटरी सोडवून ठेवा, टाकी रिकामी करा, चाकांखाली लाकडं देऊन ती जमिनीवरून उचला. आणि भंगारवाल्याला हाक मारण्याआधी हँडल गिअरच्या दांड्या तेवढ्या काढून घ्या. बुश आम्ही करून घेऊ, पण दांड्या कुठंच मिळत नाहीत.