आधी सगळ्यांना, मग एकेकाला

फळ्यासमोर उभं राहून सगळ्या वर्गाला एकदम शिकवणारा शिक्षक मला बरीच वर्षं जुनाट वाटायचा. 22 जून 2015 ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला, सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटातल्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या निघाल्या आणि ज्ञानरचनावाद हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी झाला. आमच्या प्रवरेकाठच्या बेलापूरच्या आसपासही वर्गांच्या फरशा ऑइलपेंटनं रंगल्या. मूल आपल्या गतीनं शिकतं, शिक्षक फक्त सुलभक, हे मी नव्या शिक्षकांना तावातावानं सांगायचो. यातलं पहिलं मी आजही म्हणतो. दुसरं सोडलं.

मत फिरलं ते तिसरीच्या वजाबाकीवर. 52 वजा 17. मुलं गटागटानं काड्यांचे गठ्ठे घेऊन बसलेली, आणि वहीमागून वहीत उत्तर 45. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलं सरळ सातातून दोन काढतात. एका गटाशेजारी बसून दशक सुटा करून दाखवायचा, पुढच्या गटाकडे जावं तर तिथंही 45. तेच बोलणं, दर वेळी जरा जास्त घाईनं. शेवटच्या गटाला माझी खरी गरज असायची, पण तिथं पोचेस्तोवर तास संपायचा.

आता आधी सगळे फळ्याकडे. एक गठ्ठा सोडतो, त्या दहा काड्या सुट्या दोनात मिसळतो, बारातून सात काढतो. डोक्यात जे चाललंय ते मोठ्यानं बोलत. 45 हे उत्तरही मुद्दाम लिहितो आणि त्यात 17 मिळवायला लावतो. 62 आले की वर्गात हशा. मग प्रत्येकानं पाटीवर एक गणित सोडवायचं आणि पाट्या वर! कोण कुठं अडलंय ते एका नजरेत दिसतं. ज्यांना जमलं ते एकमेकांना शाब्दिक उदाहरणं घालतात. उरलेले चार-पाच जण माझ्याजवळ. एकेकाकडे बघायला वेळ मिळतो तो असा.

किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या संशोधकांनी 2006 च्या लेखात हेच मांडलं होतं: नवशिक्याला फारशी मदत न देता सोडलं की त्याच्या स्मरणावर नको तेवढा भार पडतो. आणि ‘प्रथम’ या संस्थेची पद्धत तरी काय? मोठा गट, छोटा गट, मग एकट्यानं. आम्ही मधलंच तेवढं उचललं.

दिवाळीनंतर प्रवरेच्या कालव्यांवरल्या या ऊसपट्ट्यात बीड-पाथर्डीकडच्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या उतरतात. त्यांच्या कोपीवरून, म्हणजे झोपडीतून, आलेल्या मुलाला लगेच ‘त्याच्या स्तरा’च्या गटात बसवणं मला न्यायाचं वाटे. पण मग तिसरीचं पोर तिसरीची वजाबाकी कानावरही न पडता हंगाम संपल्यावर गावी जायचं. आता तेही सगळ्यांबरोबर पाटी वर करतं, चुकलेली का होईना, काड्या नंतर.

वाचनाच्या बाबतीत मात्र मी अजून जुन्या मताचा. एकाला अक्षरं येत नाहीत आणि शेजारची मुलगी गोष्ट संपवून दुसरी मागते, तिथं दोघांनाही मुळाक्षरांच्या तक्त्यासमोर बसवायला मी तयार नाही. गोष्ट सगळ्यांना मिळून वाचून दाखवतो, अक्षरओळख गटातच घेतो.